न्यूझीलंडमध्ये चाकांवरच्या टायनी हाउसमध्ये राहायचंय? आधी जागा पक्की करा, मग घर बघा

हॅमिल्टन, टौरंगा, ऑकलंडकडे नवीन आलेली आपली मंडळी आम्हाला सारखं विचारतात, की तुम्ही त्या टायनी हाउसमध्ये राहता ना, आम्हालाही घ्यायचंय, कुठून घेतलंत, किती पडलं. किती पडलं हा खरं तर सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे ते उभं कुठे करणार, किती वर्षं, आणि उद्या जमीनमालक किंवा काऊन्सिल (इथली नगरपालिका) "हलवा" म्हणाले तर तुमच्या हातात कुठला कागद आहे. आम्ही हे सगळं करून बसलोय, म्हणून ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहिते. हे फक्त न्यूझीलंडपुरतं आहे हां, ऑस्ट्रेलियातले नियम वेगळे आणि अमेरिकेतले तर गावागणिक वेगळे, तिकडच्या कोणी यावर विसंबू नका.

१. कायद्याच्या नजरेत ही गाडी आहे की इमारत, ते आधी समजून घ्या

आम्ही घर घेतलं तेव्हा सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, वास्तुशांत करायची का गाडीची पूजा करायची? आम्ही हसलो, पण इथल्या काऊन्सिलला पडतो तोही नेमका हाच प्रश्न आणि त्याच्या उत्तरावर तुमचं सगळं अवलंबून आहे.

इथला बिल्डिंग ॲक्ट २००४ चा आहे. त्याच्या कलम ८ मध्ये इमारत कशाला म्हणायचं ते दिलंय आणि त्यात वाहनाचाही उल्लेख आहे, म्हणजे एखादं वाहन हलवता येण्यासारखं उरलेलं नसेल आणि शिवाय त्यात लोक कायमचे किंवा दीर्घकाळ राहत असतील तर ते वाहनसुद्धा इमारत धरलं जातं. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात. नुसतं कायमचं राहिलं म्हणून गाडीची इमारत होत नाही. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे, ते मुळात वाहन आहे का? खाली चाकं लावली म्हणून कुठलीही वस्तू वाहन ठरत नाही. चासी आहे का, ओढायची दांडी आहे का, रस्त्यावरून नेण्याच्या हिशोबाने बनवलंय का, असं सगळं बघतात. ते मुळात वाहनच नाही असं ठरलं तर मग सरळ इमारत, आणि इमारत म्हणजे बिल्डिंग कन्सेंट, बांधकामाची परवानगी, आलीच.

साउथ आयलंडमधल्या हुरुनुई जिल्ह्यातली केस इथे सगळ्यांना माहितीये. तिथल्या काऊन्सिलने एका टायनी हाउसला इमारत ठरवून नोटीस दिली, प्रकरण बांधकामाचं बघणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाकडे (एमबीआयई) गेलं, तिथेही इमारतच ठरली, आणि शेवटी २०२० मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाने सांगितलं की ही इमारत नाही. तेव्हापासून बरेच लोक छाती काढून सांगतात की "आता चाकांवर सगळं चालतं". नाही चालत. तो निकाल त्या एका घरापुरता, त्याच्या रचनेपुरता आहे. तुमचं घर दिसायला तसंच असलं तरी तुमचा जिल्हा वेगळा, तुमची मांडणी वेगळी.

आणि अजून एक, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बिल्डिंग ॲक्टमधून सुटलात तरी काऊन्सिलचा डिस्ट्रिक्ट प्लॅन असतोच. एका जमिनीवर राहायची किती घरं चालतात, हद्दीपासून किती लांब हवीत, हे त्यात असतं, आणि काही काऊन्सिल चाकांवरच्या घरात लोक कायम राहताहेत म्हटलं की त्यालाही त्या नियमात मोजतात. म्हणजे दोन वेगळी खाती, दोन वेगळे प्रश्न. एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याचं हो धरायचं नाही.

२. चारपैकी कुठल्या वाटेने जायचं ते ठरवा

घर शोधायच्या आधी हे ठरवा, कारण प्रत्येक वाटेला घर वेगळं लागतं.

पहिली वाट म्हणजे कोणाच्या तरी जमिनीवर तुमचं चाकांवरचं घर, भाड्याच्या जागेत. बहुतेक लोक इथेच असतात, आम्हीसुद्धा. स्वस्त पडतं पण सगळ्यात कमी सुरक्षित, आणि या लेखाचा मोठा भाग याच वाटेबद्दल आहे.

दुसरी म्हणजे टायनी हाउसच भाड्याने घ्यायचं, जागेसकट. नवीन आलेल्यांना मी हेच सांगते की आधी एक हिवाळा असं राहून बघा. घर मालकाचं, तुम्ही भाडेकरू, म्हणजे १९८६ चा रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट लागू. बाँड, म्हणजे अनामत, (पाळीव प्राण्याची वेगळी सोडून) जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याइतका, आणि तो मालकाच्या खिशात न राहता टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी खात्याकडे जमा व्हायला हवा. वाद झाला तर टेनन्सी ट्रायब्युनल आहे. मालक म्हणाला की "हे गाडीसारखं आहे, याला टेनन्सीचा कायदा नाही" तर ऐकून घेऊ नका, राहण्यासाठी ठेवलेलं मोबाईल होम किंवा कॅराव्हॅनसुद्धा त्या कायद्यात येतं.

तिसरी वाट कॅम्पग्राउंड किंवा हॉलिडे पार्क. दिसायला सगळ्यात सोपी, वीज, पाणी, डम्प स्टेशन (सांडपाणी रिकामं करायची जागा) सगळं तयार. पण कॅम्पिंग ग्राउंडचे १९८५ चे नियम तात्पुरत्या मुक्कामासाठी आहेत, सलग ५० दिवसांपर्यंतच्या. कायम राहायचं असेल तर त्या पार्कला कायमच्या रहिवाशांची परवानगी आहे का ते सरळ विचारा, आणि असेल तर लेखी मागा. काही ठिकाणी लोक वर्षानुवर्षं राहतात आणि मग पार्क विकलं जातं आणि नवा मालक सगळ्यांना जायला सांगतो, हे इथे घडलेलं आहे.

चौथी वाट चाकं सोडायची. २०२६ च्या १५ जानेवारीपासून ७० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या स्वतंत्र घराला, ज्याला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, अटी पाळल्या तर बिल्डिंग कन्सेंट लागत नाही. अटी म्हणजे एकमजली, साधी रचना, काम लायसनवाल्या लोकांकडून किंवा त्यांच्या देखरेखीखाली, सुरू करायच्या आधी काऊन्सिलकडून पिम घ्यायचा आणि झाल्यावर कागद जमा करायचे. पिम म्हणजे त्या जागेबद्दल काऊन्सिलकडे काय माहिती आहे त्याचं पत्र. यातला सापळा असा की ही सूट नव्या बांधकामासाठी आहे. आपलं जुनं चाकांवरचं घर नेलं, चाकं काढली आणि आता हा ग्रॅनी फ्लॅट झाला, असं होत नाही. पण ज्यांच्या नातेवाइकांची इथे मोठी जागा आहे, आई-वडील येऊन राहणार आहेत, त्यांनी चाकांच्या नादी लागायच्या आधी ही वाट नक्की बघा. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत बरेच लोक इकडेच वळतील.

३. व्हिसावर असाल तर हे आधी वाचा

वर्क व्हिसावर असलेल्यांना इथे राहतं घर विकत घेता येत नाही, २०१८ पासून कायदाच तसा आहे. रेसिडेंट व्हिसा असेल आणि तुम्ही इथे पुरेसा काळ राहिलेले असाल तरच जमतं. चाकांवरचं घर मात्र जमीन नसून वस्तू आहे, त्यामुळे ते घ्यायला ही अडचण येत नाही, आणि म्हणूनच आपल्या लोकांचं लक्ष तिकडे जातं. ते ठीक आहे.

ठीक नाही ते पुढचं. बऱ्याच जाहिरातींमध्ये असतं की "जागा फुकट, बदल्यात आठवड्याला काही तास शेतात किंवा घोड्यांचं काम". वाचायला छान वाटतं. पण इमिग्रेशनच्या भाषेत मोबदल्यासाठी केलेलं कुठलंही काम म्हणजे काम, आणि फुकट जागा हाही मोबदलाच. तुमचा वर्क व्हिसा एका मालकाशी बांधलेला असेल तर हे दुसऱ्याकडे काम केल्यासारखं होतं. शंभर-दोनशे डॉलर वाचवायला जाल आणि पुढच्या रेसिडेन्सीच्या अर्जात अडकाल. भाडं पैशात द्या, बँकेतून द्या, म्हणजे नोंदही राहते.

किवीसेव्हरमधले, म्हणजे इथल्या निवृत्तीच्या बचत योजनेतले, पैसे पहिल्या घरासाठी काढता येतात, हे ऐकून काहीजण खूश होतात. ते जमिनीवरच्या घरासाठी किंवा जमिनीसाठी. नुसत्या चाकांवरच्या घराला मिळतील असं धरून बिल्डरला डिपॉझिट देऊ नका. बँकाही याला होम लोन देत नाहीत, पर्सनल लोन मिळतं आणि त्याचा व्याजदर बघून मगच हो म्हणा.

४. जागा शोधताना

जाहिराती ट्रेड मी या वेबसाइटवर आणि फेसबुकवरच्या लँडशेअर (जमीन वाटून वापरायच्या) ग्रुपांवर येतात, पण चांगल्या जागा ओळखीतून मिळतात. मंडळाच्या गणपतीत चार लोकांच्या कानावर घालून ठेवा, कोणाचा तरी सहकारी लाइफस्टाइल ब्लॉकवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या जागेवर, राहत असतो.

जागा बघायला जाल तेव्हा गवत, डोंगर, सूर्यास्त नंतर बघा, आधी गेट मोजा. आणि गेटपासून घर उभं राहणार तिथपर्यंतचा सगळा रस्ता. आम्ही ४.३ मीटरचा एक बांबू केला होता, कारण रस्त्यावर चालणारी कमाल उंची तेवढीच, आणि तो उभा धरून एकाने पुढे चालायचं आणि दुसऱ्याने मागून बघायचं की कुठल्या फांदीला, कुठल्या वायरीला लागतोय. वळणाला बांबू पुरत नाही, तिथे घराच्या लांबीची दोरी टाकून बघा. आणि ड्राइव्हवे जिथे मुख्य रस्त्याला मिळतो तिथला चढ बघा, घराचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबत असतो आणि तो तिथे जमिनीला घासतो. टोइंगवाल्याला आधी फोटो पाठवा, चांगला माणूस असेल तर तो येऊन बघून जातो.

उन्हाळ्यात बघितलेली जागा हिवाळ्यात वेगळी असते हे लक्षात ठेवा. जून ते ऑगस्ट वायकाटोतल्या पॅडॉकमध्ये (कुरणात) गमबूट घोट्यापर्यंत रुततात, तिथे काही टनांचं घर आत नेणं आणि बाहेर काढणं दोन्ही अशक्य होतं. खाली खडीचं पॅड कोण टाकणार, तुम्ही का मालक, हे तेव्हाच ठरवा.

पुराचं तर बघाच बघा. २०२३ च्या जानेवारीत ऑकलंड बुडालं आणि फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळाने हॉक्स बे ची दैना केली, आणि त्यात ज्या जागा गेल्या त्यातल्या कितीतरी एरवी बघायला सपाट, छान, नदीकाठच्या होत्या. बहुतेक काऊन्सिलचे पुराचे नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात, ऑकलंडचा फ्लड व्ह्यूअर आहे. मालक "इथे कधी पाणी आलं नाही" म्हणाला तरी नकाशा बघा, राग आला तर येऊ दे.

५. काऊन्सिलला विचारायचं का?

यावर लोकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो विचारलं की नाही म्हणणार, मग विचारूच नका, गुपचूप राहा. दुसरा म्हणतो सगळं लेखी घ्या. मी दुसऱ्या तटातली. गुपचूप राहणं म्हणजे तुमचं घर शेजाऱ्याच्या मूडवर सोडणं, कारण काऊन्सिलचे लोक स्वतःहून फिरत नाहीत, तक्रार आली की येतात, आणि तक्रार झाडाच्या सावलीवरूनही होऊ शकते.

पण विचारायची पद्धत आहे. आधी नाव-पत्ता न देता ड्यूटी प्लॅनरशी, म्हणजे काऊन्सिलमध्ये लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसलेल्या प्लॅनिंगच्या माणसाशी, बोला, बहुतेक काऊन्सिलमध्ये ही सोय असते. प्रश्न नेमका विचारा. "टायनी हाउस चालेल का?" असं विचारलंत तर तो माणूस जबाबदारी नको म्हणून नाही किंवा बघावं लागेल म्हणेल. त्याऐवजी असं विचारा, की या झोनमध्ये मुख्य घर आहे, त्याच जागेवर रजिस्टर्ड ट्रेलरवरचं घर, पायाला न जोडलेलं, त्यात लोक कायम राहणार, तर डिस्ट्रिक्ट प्लॅनमध्ये हे काय धरता, रिसोर्स कन्सेंट (जमीन अशी वापरायची परवानगी) लागेल का, आणि डेव्हलपमेंट काँट्रिब्युशन (रस्ते-पाण्यासारख्या सोयींसाठी काऊन्सिल घेते ती रक्कम) लागेल का. शेवटचा प्रश्न विसरू नका, ती रक्कम कधीकधी हजारोंत असते. फोनवर जे सांगितलं ते त्याच दिवशी ईमेल करून पाठवा, "आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?" म्हणून. उत्तर आलं तर सोन्याहून पिवळं, नाही आलं तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहते.

हे सगळं जमीनमालकाला सांगून करा. नोटीस त्याच्याही नावाने येऊ शकते आणि त्याच्या मागे विचारलंत तर तो चिडणारच.

६. मालकाशी लेखी करार

"अरे, वुई आर फ्रेंड्स, कागद कशाला?" असं म्हणणारा मालक खरोखर चांगला माणूस असू शकतो. पण चांगल्या माणसाचाही घटस्फोट होतो, तो जातो, जमीन विकतो, आणि मग तुमचा व्यवहार त्याच्या वकिलाशी किंवा मुलांशी असतो.

घर तुमचं आणि नुसती जमीन त्याची असेल तेव्हा भाडेकरूला मिळतं ते सगळं संरक्षण तुम्हाला आपोआप मिळेल असं धरू नका. म्हणून करारात ते लिहून घ्यायचं. आमच्या करारात काय आहे ते सांगते, तुम्ही तुमच्या परीने बदला.

नोटीसचा काळ. याच्यावर भांडा, भाड्यावर नंतर. २०२५ च्या ३० जानेवारीपासून ठराविक मुदतीचा करार नसलेल्या साध्या भाडेकरूलाही मालक कारण न देता ९० दिवसांत काढू शकतो, तेव्हा ९० पेक्षा कमी तर अजिबात मान्य करू नका. फ्लॅटमधला माणूस बॅगा भरून निघतो, तुम्हाला आधी नवी जागा, मग काऊन्सिल, मग टोइंग आणि मग कोरडी जमीन लागते. आम्ही सहा महिने मागितले आणि हिवाळ्यात हलवायचं नाही अशी ओळ घातली.

मालकी. घर आमचं आहे, ते जमिनीचा भाग नाही, आणि जमिनीवर मालकाचं कर्ज असलं तरी घराचा त्या कर्जाशी संबंध नाही, असं स्पष्ट लिहायचं. आत-बाहेर जायचा हक्कही लिहायचा, म्हणजे भांडण झालं तरी कोणी गेटला कुलूप घालून घर अडकवणार नाही.

जमीन विकली तर काय, वीज-पाण्याचा हिशोब कसा, पाहुणे, कुत्रा, गाड्या किती, भाजीचा वाफा चालेल का. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर महिनोन्महिने येऊन राहतात हे आपल्याकडे गृहीत असतं, इथल्या मालकाला ते माहीत नसतं, तेही लिहा. काऊन्सिलने नोटीस दिली तर खर्च कोणाचा, हे पण.

सही करायच्या आधी कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये दाखवा, फुकट आहे. सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोही फुकट मदत करतं, आणि काही ठिकाणी त्यांच्याकडे वकील ठराविक संध्याकाळी बसतात.

७. आता घर

जागा ठरली, करार झाला, मग घर. नवीन तयार घर लाख डॉलरच्या वर सहज जातं, म्हणून वापरलेलं घ्यायचा मोह होतो. घ्या, पण हे तपासा.

पीपीएसआर. हे सरकारी ऑनलाइन रजिस्टर आहे, दोन-चार डॉलरमध्ये कळतं की या वस्तूवर कोणाचं कर्ज आहे का. विकणाऱ्याचं कर्ज बाकी असेल आणि त्याने हप्ते थकवले तर फायनान्सवाला तुमच्या दारातून घर ओढून नेऊ शकतो. विकणाऱ्याचं नाव आणि ट्रेलरचा नंबर दोन्ही टाकून बघा.

वजन आणि माप. २.५५ मीटरपेक्षा रुंद असेल तर ते रस्त्यावर नेताना ओव्हरडायमेन्शनचे, म्हणजे जास्त मोठ्या मापाच्या वाहनांचे, नियम लागतात. ३.५ टनाच्या वर गेलं की साधं वॉरंट ऑफ फिटनेस (वाहन रस्त्यावर नेण्याजोगं असल्याचा दाखला) चालत नाही, सर्टिफिकेट ऑफ फिटनेस लागतं, ब्रेकचे नियमही बदलतात. विकणारा म्हणेल "अराउंड थ्री टन". वेब्रिजची, म्हणजे वजनकाट्याची, पावती मागा. आणि रिकामं घर तीन टन असेल तर तुमचे डबे, भांडी, फ्रीज, पुस्तकं, पाण्याची टाकी घातल्यावर ते तीन टन राहत नाही. लाकडी फ्लोअरिंग, डबल ग्लेझिंग, सगळं वजनदार असतं.

इलेक्ट्रिकल वॉरंट ऑफ फिटनेस. हे वेगळं, गाडीचं वेगळं. चार वर्षं चालतं आणि ते चालू असल्याशिवाय घर विजेला जोडायचं नाही. गॅस असेल तर लायसनवाल्या गॅसफिटरचं सर्टिफिकेट.

नवीन बांधून घेणार असाल तर पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्प्याला जाऊन डोळ्याने बघा. डिपॉझिट घेऊन बंद पडलेले बिल्डर इथेही असतात. ट्रेलरची चासी पहिल्याच टप्प्यात तुमच्या नावावर रजिस्टर करून घेता आली तर उत्तम.

आपल्या स्वयंपाकासाठी एक सांगते, नाहीतर कोणीच सांगत नाही. एवढ्याशा जागेत फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, आणि कुकरच्या वाफेने हिवाळ्यात खिडक्यांवरून पाणी ओघळतं, तेच पाणी भिंतीत जाऊन बुरशी धरते. त्यामुळे चिमणी बाहेर हवा टाकणारी हवी, आतल्या आत फिरवणारी नको. विकणारा "रेंजहूड आहे" म्हणाला तर पाइप बाहेर जातो का ते हात घालून बघा. अलार्मची बॅटरी मात्र काढून ठेवू नका, लाकडाच्या खोक्यात झोपतो आपण.

८. बसवताना

इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही, डोकेदुखी. घरात स्थिर वाटावं म्हणून तुम्ही जे जे करता ते ते घराला इमारतीच्या दिशेने ढकलतं. चाकं काढली, खाली लाकडी स्कर्टिंग ठोकलं, डेक घराला बोल्ट केला, सांडपाण्याचा पाइप पक्का जोडला, की "हे हलवता येण्यासारखं आहे" हे सांगायला तोंड उरत नाही. म्हणून चाकं जागेवर ठेवा, टायरला कव्हर घाला, दांडी कापू नका. डेक वेगळा, आपल्या पायांवर उभा ठेवा, आणि पडलो तर दीड मीटरपेक्षा जास्त खाली पडणार नाही इतका बुटका ठेवा, तेवढ्या डेकला कन्सेंट लागत नाही. जोडण्या सगळ्या सुटणाऱ्या घ्या.

वाऱ्यासाठी मात्र बांधावंच लागतं, वेलिंग्टनकडे तर विचारूच नका. जमिनीत स्क्रू अँकर आणि वर रॅचेटचे पट्टे, जे काही मिनिटांत सोडता येतात, ते वापरा. काँक्रीटमध्ये वेल्डिंग नको.

वीज नेहमी लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून. मुख्य घराच्या गॅरेजमधून एक्स्टेन्शन कॉर्ड ओढून राहणारे लोक मी बघितलेत, आणि त्याने आग लागते. कॅराव्हॅनचा निळा १६ अँपचा प्लग असेल तर साधारण पावणेचार किलोवॅट मिळतात, म्हणजे किटली आणि हीटर चालू असताना इंडक्शनवर पोळ्या सुरू केल्यात की अंधार. मोठं कनेक्शन हवं तर इलेक्ट्रिशियनला आधी सांगा, खड्डा एकदाच खणायचा.

सांडपाणी हा काऊन्सिलचा सगळ्यात आवडता विषय. घर वाहन ठरलं तरी जमिनीतल्या ड्रेनेजच्या कामाला परवानगी लागू शकते. भांड्यांचं पाणी झाडांना सोडायचं, कंपोस्ट टॉयलेटचं पुरायचं, याचे नियम रीजनल काऊन्सिलकडे असतात, म्हणजे तिसरं खातं. तळणाचं तेल या भांड्यांच्या पाण्यात (ग्रेवॉटरमध्ये) सोडू नका, पाइप तुंबतो आणि वास शेजाऱ्यापर्यंत जातो, आणि तक्रारी कुठून येतात ते वर सांगितलंय.

९. विमा आणि पत्ता

टायनी हाउसचा विमा करणाऱ्या कंपन्या आहेत, पण पॉलिसी गाडीची आहे का घराची ते विचारा. इथे घराच्या विम्याबरोबर भूकंप वगैरेंसाठी सरकारी नॅचरल हॅझर्ड्स कव्हर मिळतं, तुमच्या पॉलिसीत ते आहे असं गृहीत धरू नका, लेखी विचारा. "कायम राहतो" हे लपवू नका, लपवलंत तर क्लेम नाकारतात. हलवताना वाटेत विमा चालतो का तेही विचारा, टोइंगवाल्याचा विमा बहुतेकदा त्याच्या गाडीचा असतो.

पत्त्याचा पुरावा लागतोच, बँकेला, डॉक्टरकडे नाव घालायला, आणि मुलं असतील तर शाळेला. इथे शाळांना झोन असतात आणि ते पत्त्याचा कागद मागतात. विजेचं बिल मालकाच्या नावाने येत असेल तर तुमच्याकडे फक्त तो करार असतो. लेखी करायचं आणखी एक कारण.

१०. जवळ ठेवायचे कागद

एक फाइल करा, फोनमध्येही फोटो ठेवा.

- जमीनमालकाशी करार, भाड्याच्या बँक नोंदी
- ट्रेलरचं रजिस्ट्रेशन, चालू वॉरंट किंवा सर्टिफिकेट ऑफ फिटनेस
- इलेक्ट्रिकल वॉरंट, गॅस सर्टिफिकेट, जागेवरच्या वीजजोडणीचं सर्टिफिकेट
- वेब्रिजची पावती, चासी बनवणाऱ्याचे कागद, घराचा नकाशा
- खरेदीची पावती आणि पीपीएसआरचा रिपोर्ट
- काऊन्सिलशी झालेले सगळे ईमेल
- विम्याची पॉलिसी
- घर आणलं त्या दिवसाचे फोटो, चाकं आणि दांडी दिसतील असे

रजिस्ट्रेशन आणि वॉरंट संपू देऊ नका. घर एका जागी उभं असतं म्हणून लोक कंटाळा करतात, पण "हे वाहन आहे" म्हणायला तुमच्याकडे ठोस कागद हेच आहेत.

११. काऊन्सिलचं पत्र आलंच तर

घाबरू नका आणि गप्पही बसू नका. आधी बघा पत्र कसलं आहे. नुसती चौकशी असेल तर फाइल उघडा आणि शांतपणे, मुदतीत, लेखी उत्तर द्या. "नोटीस टू फिक्स" असेल तर ती बिल्डिंग ॲक्टखालची कायदेशीर नोटीस आहे, तिच्यात सांगितलेलं न करणं हा गुन्हा होऊ शकतो. नोटीस बिल्डिंग ॲक्टची आहे का रिसोर्स मॅनेजमेंटची (म्हणजे डिस्ट्रिक्ट प्लॅनच्या बाजूची) हे वेगळं करून घ्या, कारण उत्तरं वेगळी.

काऊन्सिल इमारत म्हणतंय आणि तुम्हाला ते पटत नसेल तर मंत्रालयाकडे, म्हणजे एमबीआयईकडे, डिटर्मिनेशन, म्हणजे अधिकृत निर्णय, मागता येतं. फी लागते, वेळ लागतो, आणि तिथे हरलात तर डिस्ट्रिक्ट कोर्ट. त्या वाटेने जायच्या आधी कम्युनिटी लॉकडे जा, न्यूझीलंड टायनी हाउस असोसिएशनच्या लोकांशी बोला, त्यांनी अशी पत्रं पुष्कळ बघितलीत. बऱ्याच वेळा भांडण्यापेक्षा मधला मार्ग निघतो, घर हद्दीपासून जरा सरकवा, सांडपाणी नीट करा, रिसोर्स कन्सेंटचा अर्ज टाका आणि तोपर्यंत मुदत मागा. मुदत मागितली की सहसा मिळते.

पत्र डिसेंबरात आलं तर कॅलेंडर बघा. २० डिसेंबर ते १० जानेवारी हे दिवस काऊन्सिलच्या कामाच्या दिवसांत धरत नाहीत, पत्रात "वर्किंग डेज" लिहिलं असेल तर ते सोडून मोजा. पत्रात सरळ तारीख दिली असेल तर मात्र तीच तारीख. आणि त्याच काळात टोइंगवाले, इलेक्ट्रिशियन, वकील सगळे बीचवर असतात, तेव्हा कोणाला बोलवायचं असेल तर नाताळच्या आधीच फोन करून ठेवा.